शिंगराचें शिक्षण, किंवा दोर सैल करण्याची विद्या



ज्यांच्या दारीं घोडें बांधलेलें आहे असे लोक आतां खेड्यापाड्यांत पूर्वीइतके राहिले नाहींत. सडका झाल्या, मोटारी व फटफट्या आल्या, आणि टट्टावर बसून आठवड्याच्या बाजारास जाणारा मनुष्य विरळा झाला. तरी घोडें अगदींच गेलें असेंही नाहीं. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारीं, लहान चणीचीं पण काटक अशीं घोडीं अजून दख्खनच्या माळावर दिसतात. माथेरानच्या डोंगरावर मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथें कित्येक कुटुंबांचें पोट घोड्यावर चालतें. तापीच्या कांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत, आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांवास खंडोबाच्या यात्रेंत, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांतून एखादें दीड-दोन वर्षांचें शिंगरूं घेऊन मालक घरीं येतो, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, आतां ह्यास शिकवावें कसें?

ह्या प्रश्नाचा विचार आजच्या पाठांत करूं. पाठीवर स्वार बसण्याच्या आधीं, शिंगराच्या शेजारीं जमिनीवर उभें राहून जें शिक्षण द्यावयाचें असतें, तेवढाच आजचा विषय आहे. ज्यांच्या घरीं घोडें नाहीं पण अजून जुवाखालीं न गेलेला गोऱ्हा आहे, त्यांसही ह्यांतील पुष्कळ भाग उपयोगीं पडेल.

सर्व पाठाचें सार आरंभींच सांगून ठेवितों: शिंगरूं दोर ओढल्यानें शिकत नाहीं, दोर सैल केल्यानें शिकतें. हें वाक्य प्रथम ऐकतांना उलटें वाटेल. तें खरें कसें, हें पुढें क्रमानें दाखवूं.

आमची चूक

ही गोष्ट आम्ही आधीं पुस्तकांतून शिकलों नाहीं, चुकून शिकलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्याकडे कुमैत रंगाची एक घोडी होती. तिला नुकतीं दोन वर्षें भरलीं होतीं. अंगानें नीट, स्वभावानें गरीब, आणि मागें मागें चालणारी. मळ्याच्या वाटेवर एक ओढा लागे. श्रावणांत त्याला गुडघाभर गढूळ पाणी होतें. आम्ही तिला घेऊन प्रथमच त्या वाटेनें निघालों, आणि पाण्याच्या कांठाशीं येतांच ती थांबली. तिनें मान खालीं केली, पाण्याचा वास घेतला, आणि कान टवकारून उभी राहिली.

दिवस मावळावयास आला होता आणि आम्हांस घाई होती. आम्हीं दोर ओढला. ती मागें सरली. आम्हीं अधिक ओढला. ती अधिक मागें सरली. तेव्हां बरोबरच्या गड्यास आम्हीं सांगितलें, “मागून एक दे.” त्यानें काठी मारली. घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि मागें वळून सुटली. दोर सुटूं नये म्हणून तो आम्हीं हाताला गुंडाळून घेतला होता. वीस हात आम्ही फरफटत गेलों. ह्या हाताचें करंगळीशेजारचें बोट त्या दिवसापासून आजपर्यंत पुरतें वांकत नाहीं.

बोटाचें दुःख थोडें. घोडीचें नुकसान मोठें. त्या दिवसानंतर ओढाच काय, पण वाटेवरचें डबकेंही ती ओलांडीना. ज्या जनावराला पाण्याची फक्त शंका होती, त्याला आम्हीं एका सायंकाळीं पक्कें शिकविलें कीं पाणी म्हणजे मार. गांवांत तिचें नांव ‘अडेल घोडी’ असें पडलें, आणि तिला बाजारीं नेऊन विकावी असा सल्ला आम्हांस अनेकांनीं दिला. असें विकलेलें जनावर कोठें जातें, हें वाचकांस ठाऊक आहे. तें कमी किंमतीस जातें, नव्या धन्याचा मार खातें, पुन्हां विकलें जातें, आणि प्रत्येक वेळीं दोष त्याच्याच कपाळीं लिहिला जातो. तिचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. आधीं आम्हीं काय जाणावयास पाहिजे होतें तें पाहूं.

१. घोड्याची नजर व त्याचा स्वभाव

घोडा हा लाखों वर्षें हिंस्र श्वापदांचें भक्ष्य होऊन राहिलेला प्राणी आहे. त्याला शिंगें नाहींत, नखें नाहींत. संकट आलें कीं पळणें हीच त्याची ढाल. म्हणून तो आधीं पळतो आणि मग विचार करितो. शिंगरूं बुजलें म्हणजे तें हट्टास पेटलें किंवा आपला अपमान करूं लागलें, असें समजूं नये. ज्या शक्तीनें त्याचे पूर्वज जिवंत राहिले, तीच त्याच्या अंगांत जागी झालेली असते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. सभोंवतीं वर्तुळ काढून त्याचे ३६० अंश धरले, तर त्यांपैकीं सुमारें ३५० अंश त्याला एका वेळीं दिसतात. न दिसणारी जागा दोनच: कपाळाच्या अगदीं पुढची, आणि शेपटीच्या पाठीमागची. म्हणून शिंगराकडे हात उगारून समोरून, किंवा मुकाट्यानें मागून, कधीं जाऊं नये. खांद्याच्या रोखानें, तोंडानें कांहींतरी बोलत जावें. पायाजवळची वस्तु नीट न्याहाळावयाची तर त्याला मान खालीं करावी लागते. आमची घोडी ओढ्याकांठीं मान खालीं करून उभी होती ती पाहत होती. तिचें पाहणें संपूं न देतां आम्हीं दोर ओढला.

आणखी एक गोष्ट. अंगावर माशी बसली तर घोडा तेवढीच कातडी थरथरवितो. ज्याला माशीचा भार कळतो, त्याला मनुष्याचें बोट कळत नाहीं असें कसें म्हणावें? पुष्कळ घोडीं बधिर होतात तीं आमच्या आडदांड हातांनीं होतात.

२. वयाचा विचार

शिंगरूं सुमारें अकरा महिने आईच्या पोटांत वाढतें, आणि जन्मल्यावर तास-दोन तासांत आपल्या पायांवर उभें राहतें. त्यामुळें तें लवकर प्रौढ होतें असा भ्रम होतो. वस्तुतः त्याचीं हाडें सावकाश पक्कीं होतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील हाडाचें वाढतें टोंक अडीच वर्षांच्या सुमारास जुळतें. पाठीच्या मणक्यांस तर पांच वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्या पाठीवर आपण ओझें घालणार, तीच सर्वांत शेवटीं तयार होते, हें लक्षांत ठेवावें.

दांतांवरूनही वय समजतें. पुढच्या दुधाच्या दांतांपैकीं मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून नवी येते, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांस, आणि कडेची साडेचार वर्षांस. ह्या काळांत तोंड हळवें असतें. त्यांत लोखंडी कडियाळ घालून ओढणें म्हणजे दुखऱ्या जागीं मारणेंच होय. म्हणून ह्या पाठांत सांगितलेलें सर्व काम केवळ मोहरकीवर करावयाचें आहे.

तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं पाठीवर कोणी बसूं नये, आणि पुढेंही प्रथम हलका मनुष्य, तोही थोडा वेळ, बसावा. खोगिरासह एकंदर भार घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक नसावा हें बरें. अडीचशे किलोचें टट्टू असेल तर हा भार पन्नास किलो होतो. जमिनीवरील शिक्षणास मात्र असें बंधन नाहीं. तें दूधपित्या वयांतही थोडें थोडें देतां येतें, कारण त्यांत पाठीवर भार मुळींच नसतो.

३. पहिली ओळख

ग्रीस देशांत इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत झेनोफन नांवाचा एक सेनानी व ग्रंथकार होऊन गेला. घोड्याच्या परीक्षेवर व शिक्षणावर त्यानें लिहिलेला लहानसा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. त्याचें सांगणें असें कीं, शिंगराला भूक, तहान व माशांचा त्रास ह्यांपासून जी सुटका होते ती मनुष्याच्या हातून होते, हें त्याला लहानपणींच कळलें पाहिजे. मग मनुष्य आला कीं तें आपण होऊन जवळ येईल. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वींचा हा उपदेश आजही तितकाच खरा आहे.

ओळख करून देण्याची रीत अशी. पहिले कांहीं दिवस शिंगराजवळ नुसतें उभें राहावें. मग मान संपून पाठ सुरू होते तेथें जो उंचवटा असतो, तो बोटांनीं खाजवावा. घोडीं एकमेकांस दांतांनीं खाजवितात तें ह्याच ठिकाणीं, आणि येथें खाजविल्यानें घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात असें तपासून पाहिलेलें आहे. तेथून हात खांद्यावर, मग पाठीवर, मग पोटाखालीं, आणि सर्वांत शेवटीं पायांवर न्यावा. जेथें शिंगरूं अंग चोरील तेथें हात दाबूं नये व झटकन् काढूंही नये. हलकासा तेथेंच ठेवावा, आणि त्यानें सुस्कारा टाकला, मान खालीं सोडली, किंवा ओठ चाळविले कीं लगेच काढून घ्यावा.

पाय उचलण्यास शिकवितांना पहिल्या दिवशीं खूर जमिनीपासून वीतभर उचलला तरी पुरें. शिंगरानें पाय हिसकण्याच्या आधीं आपणच तो खालीं ठेवावा. असें महिनाभर केलें तर नालबंदाचें काम सोपें होतें, आणि लाथ बसण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. घोड्यास धनुर्वाताचा धोका फार असतो. खिळ्याची किंवा कांट्याची लहान जखमही पुरते. म्हणून ह्या शिक्षणास आरंभ करण्यापूर्वीं जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याची लस टोंचून घ्यावी.

४. मोहरकी, दोर आणि पहिलें पाऊल

साहित्य थोडें लागतें. सुताची मऊ मोहरकी, आठ हात लांबीचा जाडसर दोर, आणि एक बारीक लांब काठी. काठी हातांत असते ती आपला हात लांब करण्यासाठीं. तिनें दाखवावयाचें असतें. दोराच्या घड्या करून त्या मुठींत धराव्या. तो हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधींही गुंडाळूं नये. ह्या एका वाक्यासाठीं आम्हीं एक बोट दिलें आहे, तेव्हां वाचकांनीं तें फुकट जाऊं देऊं नये.

आतां चालावयास शिकविणें. शिंगराच्या समोर उभें राहून ओढूं नये. खांद्याजवळ, किंचित् पुढें उभें राहावें. दोरावर हलका ताण द्यावा. एखादी कोवळी फांदी वांकविण्यास जितका लागतो तितका पुरे. मग थांबावें. ताण वाढवूं नये, कमीही करूं नये. शिंगरूं प्रथम मान वर करील, डावीउजवीकडे पाहील, कदाचित् मागें सरेल. मागें सरलें तर तितकाच ताण ठेवून त्याच्याबरोबर आपणही चालावें. शेवटीं त्याला वाटेल कीं पुढें झुकून पाहावें. पाऊल उचलण्याचीही वाट पाहूं नये. अंगाचा भार पुढें कलला, हें दिसतांच दोर सैल सोडावा आणि मान खाजवावी.

ह्या सैल करण्यांतच सर्व विद्या आहे. दोराचा ताण शिंगराला नकोसा असतो. तो कशानें गेला, हें तें आपल्या मनांत शोधतें, आणि तो जाण्याच्या क्षणीं आपण जें करीत होतों त्यानेंच तो गेला असें धरितें. पुढें झुकतांच दोर सुटला, तर झुकणें शिकतें. दोन पायांवर उभें राहतांच आपण घाबरून दोर सोडला, तर दोन पायांवर उभें राहणें शिकतें. झुकल्यावर चार श्वासांनीं सोडला, तर तोंपर्यंत त्यानें दुसरेंच कांहीं केलेलें असतें, आणि तेंच पक्कें होतें. जनावर चुकीचें शिकलें असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें शिकविल्याबरहुकूमच शिकलेलें असतें.

पहिल्या दिवशीं तीन वेळां भार पुढें कलला तर काम बंद करावें. दुसऱ्या दिवशीं एक पाऊल, मग दोन, मग अंगणाची एक फेरी. आठवड्याभरांत दोर ताणण्याचें कारण राहणार नाहीं. आपण पाऊल उचललें कीं शिंगरूंही उचलील.

५. मागें सरणें, बाजूस होणें, थांबणें

पुढें चालतां आलें म्हणजे ह्या तीन गोष्टी घ्याव्या. छातीवर बोटें टेकवावीं व थांबावें; एक पाऊल मागें पडतांच बोटें काढावीं. बरगडीच्या मागें जेथें पुढें टांच लागावयाची, तेथें हलकें दाबावें. मागचे पाय एक पाऊल पलीकडे गेले कीं हात काढावा. थांबविण्यासाठीं आपण स्वतः थांबावें, श्वास सोडावा, आणि थांबण्याचा जो एक शब्द ठरविला असेल तो म्हणावा. एका कामास एकच शब्द असावा, आणि घरांतील सर्वांनीं तोच वापरावा. बाप एक म्हणतो, मुलगा दुसरें म्हणतो, गडी तिसरें म्हणतो, अशा घरांत घोडें मूर्ख ठरतें.

जें डाव्या बाजूनें शिकविलें तें उजव्या बाजूनेंही पुन्हां शिकवावें. एका बाजूस निवांत असलेलें शिंगरूं दुसऱ्या बाजूनें तीच वस्तु दिसतां बुजतें, हा अनुभव पुष्कळांस आहे.

६. कावा

लांब दोरावर घोड्यास आपल्याभोंवतीं वर्तुळांत फिरविणें, ह्यास आमच्या जुन्या चाबुकस्वारांच्या भाषेंत कावा देणें म्हणतात. ह्यानें शिंगरूं दुरून शब्द ऐकावयास, चाल बदलावयास व तोल सांभाळावयास शिकतें. परंतु ह्याच कामांत सर्वांत अधिक चूक होते. ‘अंगांतली मस्ती जिरावी’ म्हणून शिंगरास घामाघूम होईपर्यंत पळवितात. त्यानें मस्ती जिरत नाहीं. उलट दम वाढतो, आणि कोंवळ्या सांध्यांवर वर्तुळाचा तिरपा भार पडून पाय बिघडतात. वर्तुळ मोठें असावें, जमीन मऊ असावी, फेऱ्या प्रत्येक बाजूस चार-सहा, आणि त्याही बहुतेक चालीच्या असाव्या. फिरतां फिरतां शिंगराचा आंतला कान आपल्याकडे वळला, मान खालीं आली, म्हणजे तें ऐकूं लागलें असें जाणून थांबवावें.

७. भीतीच्या वस्तू

छत्री, वाऱ्यानें फडफडणारा प्लास्टिकचा कागद, फटफटी, वरातींतला ढोल, आणि पाणी, ह्यांची ओळख शिंगरास करून द्यावी लागते. येथें झेनोफनाचें दुसरें सांगणें फार मोलाचें आहे. घोडा एखाद्या वस्तूला भ्यायला असतां त्यास मारूं नये, असें तो सांगतो. कारण त्या वेळीं जें दुखतें तें त्या वस्तूनेंच दुखविलें असें घोडा समजतो, आणि भीति दुप्पट होते. त्यापेक्षां आपण स्वतः त्या वस्तूस हात लावून दाखवावा, आणि घोड्यास हळूच जवळ न्यावें. आम्हीं हें प्रथम वाचलें तेव्हां तो ग्रंथकार आमच्या त्या ओढ्याच्या कांठीं उभा राहून पाहत होता कीं काय, असें वाटून आम्ही खजील झालों.

रीत ही कीं, वस्तु प्रथम इतक्या दूर ठेवावी कीं शिंगरूं तिच्याकडे पाहील पण पळणार नाहीं. त्यानें पाहून मान सैल सोडली कीं आपणच त्यास घेऊन मागें फिरावें, आणि थोड्या वेळानें दोन पावलें अधिक जवळ जावें. कित्येक लोक शिंगरास खुंटास बांधून त्याच्या अंगावर गोणपाट झोडपतात, आणि तें दमून निश्चळ उभें राहिलें कीं ‘भीति मोडली’ म्हणतात. तें निश्चळ उभें राहणें म्हणजे समाधान नव्हे. त्यानें आशा सोडलेली असते, आणि अशी भीति पुढें एके दिवशीं स्वाराला खालीं टाकून उगवते.

८. किती वेळ शिकवावें

लहान शिंगरास दहा-पंधरा मिनिटें पुरेत. त्याला येत असलेली एखादी सोपी गोष्ट करवून, ती नीट होतांच पाठ संपवावा. रोजच्या रोज शिकविलेंच पाहिजे असेंही नाहीं. १९८० सालीं अमेरिकेंत तट्टांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं तट्टांस रोज, आणि कांहींस आठवड्यांतून एकदांच, तोच धडा दिला. आठवड्यांतून एकदां शिकणाऱ्यांस दिवस अधिक लागले, परंतु धडे कमी लागले. म्हणजे मधल्या विश्रांतींतही शिक्षण चालूं होतें. ज्यांस शेताच्या कामामुळें रोज सवड मिळत नाहीं, त्यांनीं ह्यावरून धीर घ्यावा.

९. शिकविणाऱ्याचें स्वतःचें शिक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत फॉन ऑस्टेन नांवाच्या एका निवृत्त गणितशिक्षकाजवळ हान्स नांवाचा घोडा होता. हिशेब घातला कीं तो उत्तराइतके ठोके खुरानें जमिनीवर देई. १९०४ सालीं तज्ज्ञांनीं त्याची पाहणी केली, पण कोठें लबाडी आढळली नाहीं. पुढें ओस्कार फुंग्स्ट ह्या अभ्यासकानें बारकाईनें परीक्षा करून १९०७ सालीं त्याचें मर्म प्रसिद्ध केलें. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःला उत्तर ठाऊक नसलें, किंवा तो घोड्यास दिसत नसला, तर हान्स चुके. ठोके पुरे होतांच विचारणाऱ्याचें डोकें नकळत केंसभर वर होई, आणि तेवढें पाहून घोडा थांबे. त्याला गणित येत नव्हतें. मनुष्य वाचतां येत होता.

ह्याचा अर्थ आम्हीं असा घेतला. आपल्या खांद्यांतली ओढ, रोखून धरलेला श्वास, घट्ट झालेली मूठ, हीं सर्व शिंगरूं वाचतें. मनांत राग ठेवून तोंडानें गोड बोलणाऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाहीं. म्हणून राग आला असेल त्या दिवशीं मोहरकी खुंटीवरून काढूंच नये. धीर धरणें म्हणजे नुसतें बसून राहणें नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. दोर किती ताणला, तो केव्हां सोडावा, ह्यावर सारखें लक्ष ठेवणें, आणि घोड्याचें लहानसें होकारार्थी पाऊलही नजरेंतून सुटूं न देणें, हा धीर आहे. आणि तो कष्टाचा आहे.

१०. ओढ्यावरील अकरा दिवस

आतां त्या घोडीची गोष्ट पुरी करितों. तीन वर्षें ती पाण्याजवळ गेली नाहीं. चौथ्या वर्षीं, दिवाळीनंतर, एक वृद्ध मेंढपाळ आमच्या शेतांत मेंढरें बसविण्यास आला. त्यानें आमची हकीकत ऐकली, घोडीकडे पाहिलें, आणि विचारिलें, “मास्तर, घाई कुनाला हाय? घोडीला का तुमास्नी?” आम्ही कांहीं बोललों नाहीं.

पहिल्या दिवशीं तो तिला घेऊन ओढ्यापासून चाळीस पावलांवर उभा राहिला. तिनें कान टवकारले तसा थांबला. कान सैल झाले तसा तिला घेऊन परत फिरला. दुसऱ्या दिवशीं पांच पावलें पुढें. कधीं दहा पुढें, कधीं चार मागें. सहाव्या दिवशीं तो स्वतः पाण्यांत उभा राहून भाकरी खात होता, आणि घोडी सैल दोरावर कांठाशीं चरत होती. नवव्या दिवशीं तिनें एक पाय पाण्यांत घातला. आम्हांस हर्ष झाला. पण म्हाताऱ्यानें तत्काळ तिला बाहेर वळविलें व घरची वाट धरली.

आम्हीं म्हटलें, “बाबा, आतां तर ती आंत शिरली, आणि तुम्हीं मागें कां घेतली?”

तो म्हणाला, “मास्तर, ह्येच तिचं बक्षीस. पानी धरून ठिवत न्हाई, सोडतं, एवढं तिला कळूं द्या. मग ती आपुन व्हऊन जाईल.”

अकराव्या दिवशीं सकाळीं तो ओढ्यांतून चालत पलीकडे गेला. दोर त्याच्या खांद्यावरून सैल लोंबत होता. घोडी त्याच्या मागोमाग पाण्यांत उतरली, मधोमध थांबली, मान खालीं घालून पाणी प्याली, आणि पलीकडे चढली. कोणीं तिला ओढली नाहीं, मारली नाहीं. एका सायंकाळची आमची घाई फेडण्यास तीन वर्षें आणि दुसऱ्याचे अकरा दिवस लागले. त्या सायंकाळीं आम्ही कांठावर घटकाभर स्वस्थ उभे राहतों, तर बहुधा तिनें तेव्हांच पाऊल टाकलें असतें.

पुढें ती घोडी आमच्याकडेच म्हातारी झाली. पावसाळ्यांत तो ओढा उतरतांना ती दर खेपेस क्षणभर थांबे आणि मान खालीं करून पाण्याकडे पाही. आम्हीही दोर सैल सोडून थांबत असूं.

मननासाठीं प्रश्न

(१) शिंगरूं मान खालीं करून थांबतें, तेव्हां तें काय करीत असतें? आपण त्यास कोणतें नांव देतों?
(२) दोर ओढणें व दोर सैल करणें, ह्यांपैकीं शिंगरूं कशानें शिकतें, आणि कां?
(३) भ्यालेल्या जनावरास मारलें असतां तें त्या दुखण्याचें कारण कोणास समजतें?
(४) अडीच वर्षांच्या शिंगराच्या तोंडांत कडियाळ कां घालूं नये? त्याच्या पाठीवर कां बसूं नये?
(५) बर्लिनच्या घोड्यास काय येत होतें? त्यावरून शिकविणाऱ्यानें स्वतःविषयीं काय शिकावें?
(६) नवव्या दिवशीं म्हाताऱ्यानें घोडीस पाण्यांतून बाहेर कां वळविलें?
(७) आपल्या घरीं ‘अडेल’ म्हणून ठरलेलें एखादें जनावर आहे काय? तें पहिल्यानें कोठें व कोणत्या वेळीं अडलें, आणि त्या वेळीं घाई कोणास होती, ह्याचा घरांतील सर्वांनीं मिळून विचार करावा.